पिशवीवरचं गाव खरं की प्रक्रिया? कॉफीची चव, आणि मध्ये आलेलं सोलापूरचं पाणी

भुईकोट | सोमवार, रात्री ९.१०

स्पेशालिटी कॉफीच्या पिशवीवर चार गोष्टी छापलेल्या असतात: इस्टेट किंवा गाव, उंची, वाण आणि प्रक्रिया, म्हणजे फळातून बी काढून वाळवायची पद्धत. त्याखाली चवींची यादी, म्हणजे संत्रं, गूळ, जांभूळ, कोको वगैरे. यादी वाचून पिशवी घेतली आणि घरी त्यातलं काहीच लागलं नाही, ही तक्रार आपल्या या चर्चेत वरचेवर येते. तेव्हा कोणती चव कुठून येते ते एकदा नीट मांडू या.

माझं म्हणणं असं. आंबटपणा किती आणि कोणत्या तऱ्हेचा, हे प्रदेश ठरवतो. फळाचा वास किती अंगावर येतो आणि घोट किती जड लागतो, हे प्रक्रिया ठरवते. भाजणारा यातलं बरंच झाकू शकतो, पण नवीन घालू शकतो ती फक्त भाजल्याची चव.

उंचीचं गणित सोपं आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गार हवेत फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरते, आम्लं आणि वास टिकून राहतात. आपल्याकडे अरेबिका, म्हणजे डोंगरावरची कॉफीची जात, मार्च-एप्रिलच्या सरींवर फुलते आणि नोव्हेंबर ते जानेवारीत तोडणीला येते. सखल, उष्ण भागात फळ घाईने पिकतं आणि कप सपाट होतो: शेंगदाणा, लाकूड, जमलंच तर थोडा कोको.

कर्नाटकातल्या बाबाबुडनगिरीचा पट्टा १००० ते १५०० मीटर, चिकमंगळूर ७०० ते १२००, कोडगू ७५० ते ११००. आंध्रातलं अराकू ९०० ते ११००. बिळिगिरीरंगन डोंगर त्याहून उंच, १५०० च्या वर. वायनाड ६०० ते ९००, म्हणून तिथे रोबस्टा ही सखल भागात चालणारी जात. २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिकमंगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि वायनाड रोबस्टा अशा पाचांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पिशवीवरच्या गावाला आता कायद्याचाही आधार आहे.

फक्त उंचीचा आकडा एकटा वाचू नका. विषुववृत्तापासून लांब गेलं की तेवढाच गारवा कमी उंचीवर मिळतो. कोलंबियातल्या १७०० मीटरशी ब्राझीलच्या हजार मीटरची सरळ तुलना करता येत नाही. शिवाय आपली कॉफी सावलीत वाढते: सिल्व्हर ओक, फणस, उंबर, त्यांच्यावर चढवलेली मिरी. सावलीमुळे दुपारचं ऊन तुटतं आणि फळाला पिकायला जास्त वेळ मिळतो. ११०० मीटरचा भारतीय दाणा आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा चांगला निघतो, त्यात या सावलीचा मोठा हात आहे.


जुळे सोलापूर | सोमवार, रात्री ९.५२

मुद्दा पटला, पण अर्धाच. एकाच इस्टेटची, एकाच वाणाची कॉफी वॉश्ड (साल-गर काढून, धुऊन वाळवलेली) आणि नॅचरल (अख्खं फळ वाळवलेली) अशी दोन पिशव्यांत घ्या. दोन देशांतली वाटते. उलट चिकमंगळूर नॅचरल आणि इथिओपिया नॅचरल शेजारी ठेवले तर नवख्याला दोन्हीत पिकलेल्या फळाचा तोच वास येतो. मग प्रदेश वरचढ कसा?


सात रस्ता | सोमवार, रात्री १०.०५

आधी पाण्याचं बोला. बोअरच्या पाण्यात केनिया काय आणि कोडगू काय, दोन्ही सारखेच. सविस्तर उद्या लिहितो.


मालदांडी | मंगळवार, सकाळी ७.३०

जुळे सोलापूर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ते का होतं, हे प्रक्रियेच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही.

कॉफीच्या फळात वरची साल, मग गोड बुळबुळीत गर, मग कागदासारखं कवच म्हणजे परचमेंट, आणि आत बी. प्रक्रिया म्हणजे बी वाळेपर्यंत यातलं काय अंगावर ठेवायचं आणि काय काढायचं, एवढाच प्रश्न. पण त्यात बिघडायच्या जागा भरपूर.

वॉश्ड: फळ तोडलं त्याच दिवशी पाण्यात टाकून तरंगणारी पोचट फळं बाजूला काढायची. मग पल्परमधून साल काढायची. पल्परच्या ड्रमचं अंतर दाण्याच्या आकाराला जुळवलेलं नसेल तर परचमेंट चिरतं, आणि चिरलेल्या दाण्यात टाकीतलं आंबवण शिरतं. पुढे एका कपात मध्येच कुजका वास येतो तो अशा एखाद्या दाण्याचा. पल्परनंतर गर सुटायला टाकीत आंबवायचं २४ ते ३६ तास, हवा गार असेल तसे तास वाढतात. घड्याळावर विसंबू नये, मूठभर दाणे धुऊन हातात चोळावेत. बुळबुळीत लागले तर गर शिल्लक आहे. खरखरीत, वाळूच्या खड्यांसारखे वाजले की लगेच धुवायचे. त्यानंतर टाकीत राहिलेला प्रत्येक तास व्हिनेगरकडे नेतो. धुतल्यावर जाळीच्या मांडवावर पातळ थर, पहिल्या दोन दिवसांत सारखं हलवायचं, भर दुपारी झाकायचं. ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास आला की थांबायचं. कडक उन्हात घाईने वाळवलं तर परचमेंट तडकतं, बी मरते आणि कॉफी चार महिन्यांत जुनाट, गोणपाटासारखी लागते.

नॅचरल: अख्खं फळ सालीसकट वाळतं. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल, कारण मांडणी बेदाण्याच्या शेडसारखीच आहे: उंच जाळ्या, खालून-वरून वारा, वर सावलीचं नेट. थर सुरुवातीला दोन-तीन सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम एकावर एक फळ. दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत थर जाड राहिला किंवा रात्री दव पडलं तर बुरशी येते, आणि ती चव भाजूनही जात नाही. फळ सरसकट पिकलेलं हवं. रसाची गोडी मोजायला ब्रिक्समीटर तोच, डाळिंब-द्राक्षांना वापरतात तो. गराचा रस वीसच्या आसपास दाखवायला हवा. हिरवं फळ नॅचरलमध्ये गेलं की कपात कच्च्या शेंगेचा तुरटपणा येतो. वॉश्डमध्ये हिरवं फळ पल्परमध्येच बरंचसं अडकतं, नॅचरलमध्ये हात आणि डोळे एवढीच चाळणी.

हनी: साल काढली, गर ठेवला. किती ठेवला आणि किती सावकाश वाळवला, त्यावर पिवळी, लाल, काळी अशी नावं. चिकट असल्याने दाण्यांचे गठ्ठे होतात, ते फोडत राहावे लागतात.

आता तुमचा प्रश्न. नॅचरलमध्ये बी कित्येक दिवस गोड, आंबत जाणाऱ्या फळात बसलेली असते. त्या आंबण्यातून तयार होणारी एस्टर द्रव्यं चिकमंगळुरात तयार होतात तशी इथिओपियातही. म्हणून पहिला वास सारखा. फरक त्याच्या खाली असतो, आणि तो कप निवल्यावर दिसतो.


दाजी पेठ | मंगळवार, दुपारी १.१५

मालदांडीताईंनी वाळवणीवर इतकं लिहिलं ते बरं झालं. लेबलवर वाळवणीचे दिवस क्वचितच असतात, पण असले तर गावाच्या नावाआधी ते वाचा.

प्रदेश आणि प्रक्रिया या जोडीत वाणाला मात्र सगळे विसरले. केनियाच्या कपात ब्लॅककरंट या काळ्या फळासारखी, रसरशीत आंबट चव येते ती एकट्या डोंगराची नाही. एसएल २८ आणि एसएल ३४ ही १९३० च्या दशकात तिथे निवडलेली वाणं, १५०० मीटरच्या वरची लागवड, आणि धुऊन पुन्हा पाण्यात भिजवत ठेवायची तिथली पद्धत, असं तिन्ही मिळून ते होतं. पनामाच्या गेशा वाणाचंही तसंच. २००४ मध्ये ला एस्मेराल्डा इस्टेटने तो स्पर्धेत वेगळा मांडला तेव्हा डोंगर जुनाच होता, वाण सुटं केलं म्हणून मोगऱ्याचा वास लोकांच्या ध्यानात आला.

आपल्याकडे एस ७९५ सगळीकडे आहे. केंट्स आणि एस २८८ यांच्या संकरातून ते आलं. हेच वाण इंडोनेशियात जेम्बर नावाने लावतात. वाण तेच, पण तिथे ओलं असतानाच परचमेंट काढायची पद्धत आहे. त्या कपात ओली माती, तंबाखू, मसाला. चिकमंगळूरचं वॉश्ड एस ७९५ घ्या: गूळ, संत्र्याची साल, मागे किंचित दालचिनीचा भास. ज्यांना वाण बाजूला ठेवून प्रदेश आणि प्रक्रिया तपासायची आहे त्यांनी ही जोडी घ्यावी.

सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाचं रक्त आहे, म्हणून त्यात फुलाचा, लिंबाचा अंश जास्त. कावेरी हे कॅटिमोर या संकरित गटातलं वाण, उत्पन्न जोरदार, तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी आणलेलं. चव जमली तर ठीक, नाही तर शेवट तुरट.


भुईकोट | मंगळवार, रात्री ९.२०

जुळे सोलापूर, "वरचढ कोण" हा प्रश्नच मला थोडा अडचणीचा वाटतो, कारण जुन्या प्रक्रिया प्रदेशाच्या हवेतूनच निघाल्या आहेत. ब्राझीलच्या सेर्राडोत तोडणीच्या काळात पाऊस नसतो, म्हणून तिथे अख्खं फळ उन्हात वाळवणं परवडलं. येमेन आणि इथिओपियातल्या हरारमध्ये पाणीच कमी, तिथेही नॅचरल. सुमात्रात उलट, तोडणीच्या काळात पाऊस थांबत नाही. ११ टक्क्यांपर्यंत वाळायची वाट बघितली तर बुरशी खाईल. म्हणून ३०-३५ टक्के ओलाव्यावरच परचमेंट काढून उघडी बी वाळवतात. ती निळसर-हिरवी दिसते आणि कप जड, मातकट होतो. त्याला सुमात्राची चव म्हणतात, पण ती सुमात्राच्या पावसाची आहे.

आपल्या पश्चिम घाटात पाऊस जूनला सुरू होऊन तोडणीआधी ओसरतो. वॉश्ड आणि नॅचरल दोन्ही करता येतात, आणि आपण पूर्वीपासून दोन्ही करतो. बाजारात वॉश्ड अरेबिकाला प्लँटेशन म्हणतात, नॅचरलला चेरी, वॉश्ड रोबस्टाला परचमेंट. तेव्हा प्लँटेशन ए हे इस्टेटचं नाव समजू नका, ती प्रत आहे. त्यातलं ए, एए हे चाळणीवरच्या दाण्याचं माप. मोठा दाणा म्हणजे चांगली चव असं त्यात काही नाही. सारख्या आकाराचा दाणा एकसारखा भाजतो, एवढाच त्याचा फायदा.

मान्सून्ड मलबार हे या सगळ्याचं टोक. नॅचरल अरेबिका मंगळूरच्या किनाऱ्यावर, भिंतीला झरोके असलेल्या गोदामात जून ते सप्टेंबर पसरून ठेवतात, उलटतात, सैल पोत्यांत भरून पुन्हा मोकळी करतात. ओलावा १३-१४ टक्क्यांपर्यंत चढतो, दाणा फुगतो, पिवळट होतो, आंबटपणा जवळजवळ संपतो. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कॉफी दमट हवेने अशी व्हायची. पुढे प्रवास लवकर होऊ लागला, पण तिकडच्या गिऱ्हाइकाला तीच चव हवी होती. इथे डोंगराने दिलेलं किनाऱ्याने धुऊन टाकलं. प्रदेश आहेच, फक्त लागवडीचा नाही, साठवणीचा.


डिकॉक्शन | मंगळवार, रात्री १०.४०

काय ओ मालक, दुधाचं कुणी बोलंनाच की. सोलापुरात निम्म्या घरांत पितळी नाहीतर स्टीलचा फिल्टर आहे, पेल्यावर व्ही-साठ, म्हणजे ती कागदी गाळणीची शंकू, कोण लावतंय.

दुधात नॅचरल घालू नका, हे आधी सांगतो. पंढरपुरी म्हशीच्या दाट दुधात तो जांभळाचा वास नासल्यासारखा लागतो. हलकं भाजलेलं वॉश्ड पण नको, त्यातला आंबटपणा दुधाशी भांडतो. दुधाला एस ७९५ वॉश्ड मध्यम-गडद भाजलेलं, नाहीतर मान्सून्ड, नाहीतर कापी रॉयल, म्हणजे चांगल्या प्रतीचा धुतलेला रोबस्टा. तीन भाग प्लँटेशन ए आणि एक भाग कापी रॉयल ही माझी शिफारस. साय जाड, कडवटपणा आटोक्यात.

फिल्टरला २५ ग्रॅम पूड, १५० मिली पाणी. दट्ट्या नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. आधी ३० मिली टाकून अर्धं मिनिट थांबायचं, मग बाकीचं. दहा-पंधरा मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरलं पाहिजे. अर्ध्या तासानंही थेंब-थेंब पडत असेल तर पूड फार बारीक आहे, कडू होणारच. पाच मिनिटांत संपलं तर जाड आहे.

चिकोरीबद्दल, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीबद्दल, विचाराल तर ३० टक्के चिकोरीत गाव, डोंगर, प्रक्रिया काही कळत नाही. ती चव वेगळी, चांगली, पण या धाग्यातली नाही. २५० रुपयांची पूड आणि हजाराची पूड चिकोरीत सारखीच, पैसे वाचवा.


सात रस्ता | बुधवार, रात्री ८.००

पाण्याचं लिहितो म्हणालो होतो. जरा लांबेल.

भुईकोट म्हणतात प्रदेश आंबटपणात दिसतो. आंबटपणा म्हणजे आम्लं: सायट्रिक, मॅलिक वगैरे. पाण्यातला बायकार्बोनेट आम्लाला मारतो. थोडा हवा, नाहीतर कप बोचतो; जास्त झाला की सगळी कॉफी एका साच्याची, खडूसारखी सपाट. आपल्या काळ्या जमिनीखालच्या बेसाल्टातलं बोअरचं पाणी बहुधा याच जातीचं. किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर तुमच्याकडे केनियाचा आंबटपणा कपात पोचायच्या आधीच संपतो. नॅचरलचा फळाचा वास मात्र वाचतो, कारण तो आम्लावर अवलंबून नाही. म्हणून सोलापुरात बसून "प्रक्रियाच सगळं ठरवते" असं वाटणं साहजिक आहे. जुळे सोलापूर, तुमच्या निष्कर्षात तुमच्या नळाचा वाटा किती, ते आधी मोजा.

मोजायचं कसं: टीडीएस मीटरने भागत नाही. तो एकूण विरघळलेलं सांगतो, बायकार्बोनेट किती ते सांगत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात केएच, म्हणजे बायकार्बोनेटची क्षारता, तपासायची बाटली मिळते. पाच मिली पाण्यात थेंब मोजत टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. एक अंश म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम. कॉफीला हवेत ४० ते ७०, म्हणजे दोन ते चार थेंब. बोअरला १५ थेंब लागले तर २६८ झाले.

उपाय तीन.

पहिला, मिश्रण. २६८ वाल्या पाण्याचा एक भाग आणि आरओचे पाच भाग घेतले की ४५ च्या जवळ येतं. बोअरचं पाणी पिण्यायोग्य असेल तरच.

दुसरा, घरी आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून रात्रभर झाकून ठेवा, वरचं अलगद ओतून घ्या. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बरोबरीने तळाला बसतात. पूर्ण उपाय नाही, पण फरक जिभेला कळतो.

तिसरा, नेमका. दोन बाटल्या, दोन्हीत एकेक लिटर आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. पहिलीत १.६८ ग्रॅम खाण्याचा सोडा. दुसरीत २.४५ ग्रॅम एप्सम सॉल्ट. आता पहिलीतलं ४० ग्रॅम, दुसरीतलं ८० ग्रॅम, आणि साधं आरओ ८८० ग्रॅम. एक लिटर झालं: क्षारता ४०, कठीणपणा ८०. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, वापरण्याआधी हलवायच्या.

चुका कुठे होतात: सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेतली जाते; तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतात, उपयोग नाही. एप्सम सॉल्ट औषधी प्रतीचं घ्या. कृषी सेवा केंद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट नावाने तेच असलं तरी ते खत आहे, पोटात घालायचं नाही. वजनाला सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा. आणि घरच्या आरओला बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे न गाळलेलं थोडं पाणी पुन्हा मिसळणारा स्क्रू. तो उघडा असेल तर तुमचं आरओ म्हणजे पातळ केलेलं बोअरच. गाळलेल्या पाण्याचंही केएच तपासून घ्या, एखादा थेंब निघाला तर सोड्याच्या बाटलीतलं तेवढं कमी करा.

दाजी पेठ, चाखायची पद्धत तुम्ही लिहा.


दाजी पेठ | बुधवार, रात्री ९.४५

लिहितो. पाणी वरच्या तिसऱ्या उपायाचं धरतो.

चार पिशव्या. क: एका इस्टेटची वॉश्ड. ख: त्याच इस्टेटची नॅचरल, त्याच हंगामाची. ग: दूरच्या प्रदेशाची वॉश्ड, अराकू चालेल, इथिओपिया किंवा केनिया असेल तर फरक ठळक. घ: ग च्याच भागातली नॅचरल. चारही हलक्या ते मध्यम भाजलेल्या, शक्यतो एकाच भाजणाऱ्याकडच्या, नाहीतर तुम्ही भाजणी चाखाल. भाजल्यावर किमान आठवडा गेलेला असू द्या.

प्रमाण १५० मिलीला ८.२५ ग्रॅम. चहाचा काचेचा पेला २०० मिलीचा असेल तर ११ ग्रॅम. सगळे पेले सारखे. दळण फिल्टरपेक्षा थोडं जाड, रव्याएवढं. प्रत्येक कॉफीआधी तीच कॉफी दोन-तीन ग्रॅम दळून फेकून द्या, नाहीतर आधीच्या नॅचरलचा वास पुढच्या वॉश्डमध्ये उतरतो. पाणी ९३ अंशांचं. सोलापूरच्या उंचीवर पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळतं, तेव्हा गॅस बंद करून मिनिटभर थांबलं की साधारण जमतं, पण थर्मामीटर असेल तर तो वापरा.

पाणी एकदम काठोकाठ ओता, चार मिनिटं हात लावू नका. मग चमच्याने वर तरंगणारा पुडीचा थर तीनदा मागे सारा, नाक जवळ ठेवून. फेस काढून टाका. दहाव्या मिनिटाच्या सुमारास पहिला घोट, चमच्यातून आवाज करत ओढायचा. मग पंधराव्या, पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा. गरम असताना प्रक्रिया बोलते. निवताना प्रदेश दिसायला लागतो: आंबटपणा लिंबासारखा तीक्ष्ण आहे की संत्र्यासारखा गोल, की सफरचंदासारखा. अगदी निवल्यावर दोष वर येतात: बुरशी, व्हिनेगर, कच्ची शेंग. (एप्रिल-मे मध्ये खोलीच छत्तीस अंशांवर असते, कप निवायची वाट बघत बसू नका, पेला पाण्यात ठेवा.)

स्वतःला फसवायचं नसेल तर तीन पेल्यांची चाचणी करा. दोन पेल्यांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी, क्रम दुसऱ्याने लावायचा. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच. सहा फेऱ्यांत पाच किंवा जास्त बरोबर आले तर निव्वळ नशिबाची शक्यता दोन टक्क्यांच्या आत. चार आले तर ती दहा टक्के, त्यावर वाद घालू नका.

क आणि ख ओळखणं सोपं जातं. ख आणि घ अवघड. पण क आणि ग मध्ये अडखळलात तर आधी पाणी पुन्हा तपासा.


जुळे सोलापूर | गुरुवार, सकाळी ११.२०

ठीक, पाणी बदलून बघतो. पण अनएरोबिकचं काय? तिथे तर चिकमंगळूर, कोलंबिया सगळे स्ट्रॉबेरीच्या गोळीसारखे. तिथे प्रदेश उरतो असं कुणी म्हणू नये.


मालदांडी | गुरुवार, दुपारी २.४०

अनएरोबिकमध्ये फळ किंवा सोललेले दाणे हवाबंद टाकीत भरतात. झाकणाला एकतर्फी व्हॉल्व, आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, हवा आत येत नाही. २०१५ च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या सासा सेस्टिकने वाइनवाल्यांची कार्बनिक मॅसरेशनची, म्हणजे अख्खं फळ कार्बन डायऑक्साइडमध्ये आंबवायची पद्धत कॉफीवर वापरून जिंकलं, त्यानंतर याचं पेव फुटलं.

टाकीत दोन ते पाच दिवस. तासांपेक्षा पीएच आणि तापमान महत्त्वाचं. सुरुवातीला पीएच पाचच्या वर असतो, चारच्या आसपास आला की माल बाहेर काढायचा. टाकी उन्हात राहिली तर जे तीन दिवसांत व्हायचं ते दीड दिवसात होतं आणि पुढे घामट, जुन्या चीजचा वास येतो. व्हॉल्व गळका असला तर हवा शिरून व्हिनेगर. टाकीतून काढल्यावर वाळवणी पुन्हा तीच, आणि तिथे घाई केली तर टाकीतली सगळी मेहनत मद्याच्या वासात संपते.

स्ट्रॉबेरीच्या गोळीबद्दल: लांब आंबवणीत एस्टर इतके वाढतात की खालचं काही ऐकू येत नाही. तुमची तक्रार रास्त आहे. त्यातही एक जात अशी, की टाकीत फळाचा गर, दालचिनी किंवा बाहेरचं यीस्ट घालतात. यीस्ट घातलं तर लिहिलेलं असावं, आणि फळ-मसाला घातला तर ती फ्लेवर्ड कॉफी म्हणून विकावी, हे माझं मत. ओळख साधी: कोरड्या दाण्याला जो वास येतो तोच, तेवढाच, कपात आणि निवलेल्या कपातही राहिला, बदललाच नाही, तर शंका घ्या. आंबवणीतून आलेला वास निवताना बदलतो.


भुईकोट | गुरुवार, रात्री ९.०५

मालदांडीताईंशी बहुतेक सहमत. फक्त एक जोडतो: उंचावरच्या घट्ट दाण्याचं अनएरोबिक निवल्यावर मागे आंबट, स्वच्छ शेवट ठेवतं. सखल भागातलं तेच केलं की गोळीचा वास विरतो आणि मागे लाकूड उरतं. म्हणजे प्रदेश कपाच्या शेवटात असतो. जुळे सोलापूर याला "उरतो" म्हणतील की नाही, त्यांचं ते ठरवतील.

भाजणाऱ्यांसाठी थोडं: नॅचरल आणि हनीच्या चंदेरी सालीवर साखर चिकटलेली असते, ती लवकर करपते, सुरुवातीचं तापमान वॉश्डपेक्षा कमी ठेवा. मान्सून्ड भुसभुशीत असतो, त्यालाही मंद आच. उंचावरच्या वॉश्डला उलट सुरुवातीलाच जोर लागतो, नाहीतर बाहेरून तपकिरी आणि आतून कच्ची, गवताची चव. कपात गवत लागलं की लोक गावाला दोष देतात.


डिकॉक्शन | गुरुवार, रात्री ९.३०

उन्हाळ्याचं पण सांगा की कुणीतरी. कुरिअरची गाडी दिवसभर उन्हात, पिशवी हातात आली की गरम लागते. तेव्हा काय उरत असंल त्यात?


सात रस्ता | गुरुवार, रात्री १०.१०

बरंच उरतं, पण झपाट्याने जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग साधारण दुप्पट. आधी फुला-लिंबाचा वास जातो, मग आंबटपणा बोथट होतो, नॅचरलचा जड वास सगळ्यात शेवटी. म्हणजे पुन्हा प्रदेशाचाच आधी बळी.

मार्च ते जून एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त मागवू नका. मागणी सोमवारी-मंगळवारी नोंदवा, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहत नाही. भाजणीची तारीख छापलेली नसेल तर घेऊच नका. आल्यावर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या हवा काढून सीलबंद करून फ्रीझरमध्ये. वापरायला काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. एकदा उघडलेली परत फ्रीझरमध्ये नको.

कच्चा दाणा साठवणाऱ्यांना वेगळी अडचण. आपला उन्हाळा कोरडा, ११ टक्क्यांचा दाणा उघड्या पोत्यात महिन्याभरात खाली घसरतो, फिका पडतो, भाजताना ठिसूळ. ज्यूटच्या आत हवाबंद प्लॅस्टिकचं अस्तर असलेली पोती घ्या आणि पत्र्याच्या छताखाली ठेवू नका.


डिकॉक्शन | गुरुवार, रात्री १०.१८

आणि दळलेली पूड?


सात रस्ता | गुरुवार, रात्री १०.२१

दळलेली मागवूच नका. हातचक्की घ्या, स्टीलच्या पात्यांची. सिरॅमिकची बारीक दळणात चुरा जास्त पाडते, आणि तुमचा फिल्टर तुंबतो तो त्याच चुऱ्याने.